पाट, टॉवेल आणि जुने दिवाळी अंक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सन्माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ बंधु-भगिनींनो, आणि मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाइल बघत बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,



या सभागृहात मी आजवर अनेकदा बोललो आहे. आठ वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे मी माइक हातात घेतला की मेंटेनन्स वाढणार अशी धास्ती लोकांना वाटते. आज तसं काही नाही. निश्चिंत बसा. फक्त जरा नीट टेकून बसा, कारण आजचा विषयच बसण्याचा आहे.

समितीने मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’. बँकेतला माणूस म्हटल्यावर दुसरा काय विषय देणार? पण मी तो बदलून मागितला. एफडीचे व्याजदर तुम्हाला मोबाइलवर कळतात. मला जे सांगायचं आहे ते मला स्वतःला कळायला फार उशीर झाला, आणि त्याची किंमत घरातल्या दुसऱ्याच माणसाने मोजली. म्हणून कॉम्प्युटरचं टेबल कसं मांडावं आणि मान, पाठ, खांदे, मनगटं कशी सांभाळावीत, यावर मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला, छत्तीस वर्षं टेबलाशी बसलेला माणूस आहे. जे सांगेन ते डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून ऐकलेलं आणि घरी टेप लावून पडताळून पाहिलेलं आहे.

आधी माझी गोष्ट. मी बँकेत लागलो तेव्हा राष्ट्रीयीकरण होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जाडजूड लेजरं, लाल-निळी शाई, संध्याकाळी बॅलन्स जुळेपर्यंत घरी जायचं नाही, असा तो काळ. लेजरं उचलून हात दुखायचे, पण माणूस दिवसभर हलत असायचा. लेजर आणायला उठ, व्हाउचर पास करायला उठ, स्ट्राँगरूमला जा. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शाखाशाखांमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन आली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. आमच्या शाखेत मशीनची पूजा झाली, पेढे वाटले. पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. मशीन नवं आलं आणि टेबल तेच राहिलं. खुर्चीही तीच, वेताची, एका बाजूला खचलेली.

ते टेबल लिहिण्यासाठी बनवलेलं होतं. त्यावर कीबोर्ड ठेवला की खांदे कानांकडे उचलावे लागत. मॉनिटर डाव्या हाताला, कारण समोर काउंटरवर ग्राहक. व्हाउचरचा गठ्ठा उजव्या हाताला. म्हणजे नजर उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, दिवसातून हजारदा. वर्षभरात मान दुखू लागली. दोन वर्षांत उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मी कोणाला सांगितलं? कोणालाही नाही. प्रमोशनची मुलाखत तोंडावर होती. ‘कॉम्प्युटर जमत नाही म्हणून रडतोय’ असं कोणी म्हणू नये, ही भीती. घरी आल्यावर आमच्या सौ. तेल चोळून द्यायच्या. पुढे गळ्यात पट्टा आला. पट्टा घालून काउंटरवर बसलो की ग्राहक विचारायचे, ‘साहेब, अपघात झाला का?’

तीन वर्षं अशी काढल्यावर एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘तुमचं टेबल केवढं उंच आहे?’ मला सांगता येईना. बँकेतल्या पैशापैशाचा हिशोब ठेवणारा माणूस, पण ज्या टेबलाशी रोज आठ तास बसतो त्याची उंची मला माहीत नव्हती. डॉक्टर म्हणाले, ‘उद्या टेप घेऊन जा.’ दुसऱ्या दिवशी शिपायाच्या मदतीने मॉनिटर समोर घेतला, गठ्ठा त्याच्या शेजारी उभा टेकवला, खुर्ची बदलून उंच केली, पायाखाली रद्दीचा गठ्ठा बांधून ठेवला. दहा मिनिटांचं काम. मुंग्या जायला पुढे आठ महिने लागले, मान तर पूर्ण बरी कधी झालीच नाही. थंडी पडली की अजून आठवण करून देते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळलेला माणूस पुढे शहाणा झाला असेल. नाही झाला. आता जे सांगणार आहे ते आमच्या सूनबाईंची परवानगी घेऊन सांगतो आहे. त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मला खोटं बोलता येणार नाही.

मार्च 2020. सगळं बंद. मुलगा आणि सून दोघंही घरून काम करू लागले. आमच्या टू-बीएचकेमध्ये एकच स्टडी टेबल आणि एकच फिरती खुर्ची, मुलाच्या इंजिनियरिंगच्या वेळची. ते टेबल मुलाला मिळालं. कोणी ठरवलं? कोणीच नाही. ते जणू आपोआप झालं. सून डायनिंग टेबलवर बसू लागली. त्याच टेबलवर सकाळी भाजी चिरायची, तिथेच नातीची ऑनलाइन शाळा. जेवायची वेळ झाली की लॅपटॉप उचलून पलंगावर, मांडीवर उशी घेऊन. दोघांची नोकरी सारखी, पगार जवळपास सारखा, मीटिंगा उलट हिच्या जास्त. पण टेबल त्याचं.

पावसाळ्यात ती मान चोळताना मला दिसायची. एकदा म्हणालीही, ‘बाबा, मान फार भरून येते.’ आणि मी, गळ्यात पट्टा घालून काउंटरवर बसलेला मी, काय म्हणालो? ‘अगं, सवय होईल. आम्ही छत्तीस वर्षं काढली.’ त्यानंतर ती पुन्हा बोलली नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती कंगवा आणि नातीला घेऊन माझ्यासमोर आली. म्हणाली, ‘बाबा, आज हिची वेणी तुम्ही घालाल का? माझा हात वरच जात नाहीये.’ मी जन्मात कोणाची वेणी घातली नव्हती. जमेल तशी घातली. नात आरशात बघून म्हणाली, ‘आजोबा, ही वेणी नाही, दोरी आहे.’ ती हसली, सूनही हसली. मला मात्र हसू येईना. ज्या घरात हे दुखणं काय असतं हे जाणणारा एक माणूस बसला होता, त्या घरात मी तिला सात महिने दुखू दिलं. त्याच दुपारी मी कपाटातून टेप काढली.

ती मापं तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याही घरी साधारण हीच निघतील. डायनिंग टेबल जमिनीपासून 30 इंच. डायनिंगची खुर्ची 18 इंच. सूनबाईंची उंची पाच फूट एक इंच. ती खुर्चीवर ताठ बसली, दंड अंगालगत सोडले आणि कोपरं काटकोनात वाकवली, तर कोपर बैठकीपासून साडेआठ इंचांवर. म्हणजे 18 अधिक साडेआठ, साडेसव्वीस इंच. आणि टेबल 30. साडेतीन इंचांची तूट! ही तूट ती रोज दहा तास खांदे उचलून भरून काढत होती. दुसरं माप गुडघ्याच्या मागच्या घडीपासून टाचेपर्यंत, साडेपंधरा इंच. खुर्ची 18 इंच. म्हणजे पाय अडीच इंच लोंबकळत. पाय लोंबकळले की मांडीच्या मागच्या बाजूवर दाब येतो, माणूस नकळत पुढे सरकतो, पाठ खुर्चीची पाठ सोडते, आणि सगळा भार कमरेवर.

तिसरी गोष्ट लॅपटॉप. लॅपटॉप ही प्रवासासाठी केलेली वस्तू आहे. त्याचा पडदा आणि त्याची बटणं एकमेकांना जोडलेली. हातांना सोयीचा ठेवाल तर मान वाकते, मानेला सोयीचा ठेवाल तर हात हवेत. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. पाच लिटरचा तेलाचा डबा छातीशी धरून उभे राहा, काही वाटत नाही. तोच डबा हात लांब करून धरा, मिनिटभरात दंड भरून येतात. डबा तोच, वजन तेच. डोकं पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंची हीच अवस्था होते. मागच्या रांगेतल्या मित्रांनो, मोबाइल बघतानाही!

आता उपाय. क्रम लक्षात ठेवा, खालून वर जायचं: आधी बैठक, मग पाय, मग हात, मग पडदा. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागेल.

बैठक. टेबल कापता येत नसेल तर माणूस वर उचला. आम्ही खुर्चीवर घट्ट भरलेली उशी ठेवली, बसल्यावर तीन इंच उरेल अशी. मऊ गादी नको, ती दबते आणि माणूस एका बाजूला कलतो. आता कोपर साडेएकोणतीस इंचांवर आलं. टेबलापेक्षा अर्धा इंच खाली, चालेल. कमरेच्या खोलगट भागात टर्किश टॉवेलची गुंडाळी, दोन्ही बाजूंनी रबर लावून. बूड खुर्चीच्या पाठीपर्यंत मागे न्यायचं आणि मग टेकायचं. टेकणं म्हणजे आळस, ही आपली जुनी समजूत. शाळेत गुरुजी ‘ताठ बस’ म्हणायचे ते तासाभराच्या वर्गासाठी ठीक होतं. दहा तास कोणीही बिनआधाराचा ताठ बसू शकत नाही. आधार घ्या.

पाय. बैठक तीन इंच वर गेली, म्हणजे पाय आता साडेपाच इंच लोंबकळणार. मी देवघरातला जुना चौरंग आणला, बरोबर तेवढाच उंच. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘देवाच्या चौरंगावर पाय? सुनेची मान बरी व्हायची आणि तुमची मोडायची.’ चौरंग परत गेला. मग माळ्यावरचे दोन जुने पाट काढले आणि सुताराकडून एकावर एक ठोकून घेतले. पूर्ण तळवा टेकला पाहिजे, नुसते चवडे नाहीत. गुडघे साधारण काटकोनात, आणि बैठकीची कड व पोटरी यांच्यामध्ये दोन-तीन बोटं जागा.

हात. इथे पैसे खर्च करावे लागतात, तेही फार नाहीत. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस जोडा. आम्हाला दोन्ही मिळून बाराशे रुपयांत मिळाले. कीबोर्ड अंगाजवळ, कोपरं अंगालगत. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात, बरेच जण ते उभे करतात. ते आडवे ठेवा. उभे केले की मनगट वरच्या बाजूला मुडपतं. पंजा आणि हात एका सरळ रेषेत हवा. माउस कीबोर्डला खेटून, त्याच पातळीवर. माउससाठी हात लांब करावा लागला की खांदा दुखणारच. आमच्या सुनेचा उजवा खांदा जास्त धरला होता, कारण माउस पाण्याच्या जगच्या पलीकडे असायचा.

पडदा. लॅपटॉपखाली उंची द्या. आमच्याकडे जुने दिवाळी अंक ढिगाने होते. सौ. ते रद्दीत देऊ देत नव्हत्या, त्यांचा अखेर उपयोग झाला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर साधारण हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. पडदा नाकासमोर. बाजूला ठेवला तर काय होतं ते माझ्या मानेला विचारा. कागद बघून टाइप करायचं असेल तर कागद टेबलावर आडवा ठेवू नका, पडद्याशेजारी उभा टेकवा. जुन्या पेढीवरचे मुनीमजी आठवतात? गादीवर बसायचे आणि समोर उतरतं डेस्क असायचं. वही वाचकाकडे तिरकी असली की मान कमी वाकते, हे त्या सुताराला कोणी शिकवलं नसेल, पण त्याला ठाऊक होतं.

परवा लिफ्टमध्ये एका ताईंनी विचारलं, ‘मी सगळं असंच केलंय, तरी मान दुखते.’ त्यांनी बायफोकल चष्मा लावला होता. माझ्या वयाच्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवावं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वाचायचा भाग खाली असतो. पडदा डोळ्यांच्या रेषेत असला तर आपण हनुवटी वर करून खालच्या भागातून बघतो, आणि मान मागे मुडपते. अशांनी पडदा आणखी खाली घ्यावा, किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचं अंतर सांगून कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

उजेड. खिडकी उजव्या किंवा डाव्या हाताला असावी. पाठीमागे असली तर पडद्यावर चकाकी, समोर असली तर डोळे दिपतात. चकाकी चुकवण्यासाठी माणूस नकळत वाकडा बसतो, आणि आपण दोष खुर्चीला देतो. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्याही कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. समोरच्या विंगचा जिना चालेल. कोणाच्या खिडकीत मात्र बघू नका!

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढं सगळं मांडून झाल्यावर त्या खुर्चीत चार तास हलला नाहीत, तर दुखणारच. एकच एक बरोबर बैठक अशी काही नसते. शरीर हलण्यासाठी केलेलं आहे. उत्तम मांडणीचा उपयोग एवढाच की ताण हळू साठतो. तो रिकामा करायला उठावंच लागतं. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, दाराशी जाऊन या, खांदे गोल फिरवा. फोन आला की उभं राहून बोला. पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, स्वयंपाकघरात ठेवा. आमची सून आता दुपारच्या मीटिंगला, कॅमेरा बंद असेल तेव्हा, गॅलरीत चालत ऐकते. उभं राहून काम करायची टेबलं मिळतात, ती चांगली असतात, पण दिवसभर उभं राहणंही त्रासाचंच. अदलाबदल हवी.

हे आजचं खूळ नाही बरं का. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कोणत्या धंद्यातल्या माणसाला कोणते आजार होतात यावर त्यांनी 1700 साली ग्रंथ लिहिला. पुढच्या, 1713 च्या आवृत्तीत त्यांनी कारकून आणि लेखनिकांबद्दलही लिहिलं. त्यांच्या त्रासाची कारणं त्यांनी तीन सांगितली: सतत बसणं, हाताची सतत तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, हे गृहस्थ आमच्या शाखेत क्लोजिंगच्या दिवशी येऊन गेले होते की काय! त्यातली तिसरी गोष्ट विसरू नका. मनावरचा ताण आणि अपुरी झोप यांनीही दुखणं वाढतं. टेबल बदलून सगळं सुटेल असं मी म्हणत नाही.

मग घाई कशाची? आज दुखतंय, उद्या बघू, असं का नको? त्याचं उत्तर आमच्या बँकेतल्या अलार्मने मला समजावलं. एका शाखेत उंदराने वायर कुरतडली आणि रात्री भोंगा वाजला. पोलीस आले, मॅनेजर धावत आले. दुरुस्तीवाल्याने खबरदारी म्हणून यंत्र इतकं हळवं करून ठेवलं की पुढे खिडकीतून वारा आला तरी भोंगा वाजायचा. चोर नाही, उंदीर नाही, तरी भोंगा. दुखणं दीर्घकाळ राहिलं की आपल्या मज्जासंस्थेचंही असंच होऊ शकतं. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. मूळ कारण कमी झालं तरी शरीराचा भोंगा वाजतच राहतो, साध्या स्पर्शाने, साध्या हालचालीने. तो शांत करायला मग महिने, कधी वर्षं लागतात. ते दुखणं खोटं नसतं, मनाचे खेळ नसतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच टेबल मोजायचं.

आपण सोसायटीत दरमहा सिंकिंग फंड भरतो. भरताना कुरकुर करतो, पण गच्ची गळाली, स्लॅब दुरुस्त करायचा झाला की तोच उपयोगी पडतो. शरीराचंही थोडं तसंच आहे. अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठणं हा त्याचा हप्ता. तो थकवला तर नोटीस लगेच येत नाही, पण येते तेव्हा व्याजासकट येते.

काही बाबतीत मात्र टेपही नको आणि माझा सल्लाही नको, थेट डॉक्टर. हातापायात बधिरपणा किंवा मुंग्या राहत असतील, पकड ढिली होऊन हातातून भांडं निसटत असेल, चालताना तोल जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखत असेल, तर थांबू नका. आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, छातीत दडपण, घाम, धाप आणि त्याबरोबर डावा हात, खांदा किंवा जबडा दुखत असेल तर ‘काल जास्त वेळ कॉम्प्युटरवर बसलो होतो’ असं म्हणत बाम चोळत बसू नका. लगेच हॉस्पिटल. गळ्यातले आणि कमरेचे पट्टेही स्वतःच्या मनाने महिनोन् महिने लावू नका. त्याने स्नायू आळशी होतात, हे मी स्वतः भोगलं आहे.

आमच्या सूनबाईंचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पाट, उशी, टॉवेल, कीबोर्ड, दिवाळी अंक हे सगळं दोन हजारांच्या आत झालं. पण तोवर सात महिने गेले होते. फिजिओथेरपिस्टकडे पाच महिने जावं लागलं. त्यावर त्याच्या कितीतरी पट खर्च झाला. तिचा हात आता वर जातो. काम फार झालं की खांदा अजून धरतो. मार्चमध्येच मी टेप काढली असती तर कदाचित हे झालंच नसतं. आणि टेबलाचा प्रश्न आम्ही कसा सोडवला? मुलानेच सोडवला. एका रात्री त्याने स्टडी टेबल आणि फिरती खुर्ची हॉलमध्ये आणली आणि म्हणाला, ‘एक आठवडा तू, एक आठवडा मी.’ आजही तेच वेळापत्रक चालू आहे. ज्याचा आठवडा नसेल तो पाटावर पाय ठेवून डायनिंगला.

म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर टेप काढा. घरातलं चांगलं टेबल कोणाकडे आहे आणि पलंगावर लॅपटॉप घेऊन कोण बसतं, ते एकदा बघा. बारावीचा मुलगा पोटावर झोपून अभ्यास करत असेल, त्याच्या उंचीचं टेबल आहे का बघा. आणि घरातलं कोणी ‘मान दुखते’ म्हणालं, तर ‘सवय होईल’ हे दोन शब्द उच्चारू नका. सवय होत नाही. माणूस सांगायचं बंद करतो, एवढंच.

समितीलाही एक विनंती. आपल्या ऑफिसात बसणाऱ्या ताईंचा मॉनिटर खिडकीकडे तोंड करून कोपऱ्यात आहे आणि खुर्चीचं एक चाक गेली दोन वर्षं नाही. आपण सभासद तिथे पाच मिनिटं उभे राहतो, त्या तिथे आठ तास बसतात. गेटवरच्या वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची तारेने बांधलेली आहे. रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून फुलांचा एक हार कमी केला तरी चालेल, पण या दोन खुर्च्या बदलाव्यात. माजी खजिनदार म्हणून सांगतो, हा खर्च मंजूर करायला सर्वसाधारण सभा लागत नाही.

ज्यांना घरी मापं घेणं जमणार नाही त्यांनी मला इंटरकॉमवर सांगावं. संध्याकाळी पाचनंतर मी मोकळा असतो. टेप माझी, चहा तुमचा. फक्त रविवारी सकाळी येणार नाही. रविवारी सकाळी नातीची वेणी घालायची असते. आता ती तिला वेणीच म्हणते.

 आता कृपया सर्वांनी एकदा उभं राहावं. टाळ्या नकोत, खांदे फिरवा.